मृत्युपत्र कुणाच्या नावे?

13 सप्टेंबर 1912, रात्रीचे आठ. टोकियोच्या राजवाड्यातून सम्राट मेईजींची शवपेटी निघाली तशी तोफ झाली. शवपेटी बैलगाडीत होती. एकामागे एक जुंपलेले पाच बैल, आणि चाकं अशी घडवलेली की फिरताना त्यांतून वेगवेगळे करुण सूर निघावेत. ज्यांच्या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत देशात आगगाडी आली, संविधान आलं, पोलादी आरमार आलं, ते सम्राट मशालींच्या उजेडात, जुन्या दरबारी रीतीने, बैलांच्या पावलांनी शेवटच्या प्रवासाला निघाले होते.

त्याच सुमाराला शहराच्या आकासाका भागातल्या एका साध्या घरात जनरल नोगी मारेसुके आणि त्यांची पत्नी शिझुको यांनी आपलं आयुष्य संपवलं. सकाळीच त्यांनी घरी छायाचित्रं काढून घेतली होती. त्यांतल्या एकात नोगी पूर्ण गणवेशात खुर्चीवर बसले आहेत आणि हातातलं वर्तमानपत्र वाचत आहेत. हे छायाचित्र आजही पाहायला मिळतं. रात्री काय करायचं हे ठरलेलं असताना सकाळचं वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या माणसाकडे पाहिलं की मला पुढचं काही सुचेनासं होतं.

आपल्याकडे सहगमन हा शब्द पतीमागे जाणाऱ्या पत्नीसाठी वापरला जाई. जपानमध्ये धन्यामागे जाणारा चाकर असे, आणि त्या मरणाला ‘जुन्शी’ म्हणत. तोकुगावा शोगुनांनी 1663 साली या प्रथेवर बंदी घातली होती. म्हणजे नोगींनी जे केलं ते त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातही कालबाह्यच होतं. विसावं शतक उजाडून बारा वर्षं झालेली, टोकियोत विजेच्या ट्राम धावताहेत, आणि पोर्ट आर्थर जिंकणारा सेनापती सरंजामी काळातला चाकर होऊन मरतो! लोक थक्क झाले. कुणी हात जोडले, कुणी चिडले. तरुण लेखक शिगा नाओया यांनी आपल्या रोजनिशीत नोगींना सरळ मूर्ख ठरवलं. मोरी ओगाई हे लष्करी वैद्यक खात्यातले बडे अधिकारी आणि मोठे लेखक. नोगींशी त्यांची जुनी ओळख होती. अंत्यविधीहून परतल्यावर त्यांनी सतराव्या शतकातल्या एका सामुराईच्या मृत्युपत्राच्या रूपात एक कथा लिहिली, आणि ती पुढच्याच महिन्यात छापून आली.

नोगींचं स्वतःचं मृत्युपत्रही काही दिवसांत वर्तमानपत्रांत छापलं गेलं. ते त्यांनी आदल्या रात्री लिहून ठेवलं होतं, कलमवार, एखाद्या व्यवस्थित गृहस्थाने घरदाराची निरवानिरव करावी तसं. पहिल्याच कलमात कारण दिलेलं होतं: 1877 साली दक्षिणेतल्या सात्सुमाच्या बंडात ते एका पलटणीचे प्रमुख असताना पलटणीचा ध्वज शत्रूच्या हाती गेला. ध्वज सम्राटाने दिलेला. तेव्हापासून आपण मरणाची योग्य वेळ शोधत होतो, असं त्यांनी लिहिलं. पस्तीस वर्षं! मधल्या काळात रशियाशी युद्ध झालं. पोर्ट आर्थरच्या वेढ्यात त्यांच्या हाताखालचे साठ हजारांच्या आसपास सैनिक मेले किंवा जखमी झाले. नोगींचे दोन्ही मुलगे त्याच युद्धात गेले. त्यानंतर त्यांनी सम्राटाकडे मरणाची परवानगी मागितली, आणि आपण जिवंत असेपर्यंत ती मिळणार नाही असं सम्राटाने सांगितलं, अशी हकीकत आहे. या युद्धाच्या बातम्या पुण्या-मुंबईतही अधाशासारख्या वाचल्या जात. जपानच्या विजयावर ‘केसरी’तून लिहून येई. त्या विजयाची घरात मोजलेली किंमत मात्र इकडे क्वचितच कुणाला ठाऊक होती.

मृत्युपत्रातल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. मुलं गेली तरी घराण्यात दत्तक घेऊ नये, हे घर माझ्याबरोबरच संपू द्यावं, असं नोगींनी बजावलं होतं. आणि ज्यांच्या नावे ते पत्र होतं त्यांत नातेवाईक आणि स्नेह्यांबरोबर पत्नीचंही नाव होतं. शिझुको मागे राहतील असं धरूनच लिहिणाऱ्याने त्यांची सोय लावलेली होती. त्या मागे राहिल्या नाहीत.

हे सगळं वाचणाऱ्या लाखो वाचकांत पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ होते. उशिगोमे भागात राहणारे, पोटाच्या अल्सरने खंगलेले, सात अपत्यांचे वडील आणि ‘असाही शिंबुन’ या वर्तमानपत्राचे पगारी कादंबरीकार. त्यांचं नाव नात्सुमे किन्नोसुके; वाचक त्यांना सोसेकी म्हणून ओळखत. त्या वेळी त्यांनी नोगींवर कथा लिहिली नाही. जवळजवळ दोन वर्षं ते मृत्युपत्र त्यांच्या मनात मुरत राहिलं, आणि 1914 च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात एक नवी लेखमाला सुरू केली. नाव ‘कोकोरो’, म्हणजे मन, हृदय, अंतःकरण; यांतला कुठलाही एक शब्द त्याला पुरा पडत नाही. त्याखाली उपशीर्षक होतं: ‘सेनसेईंचं मृत्युपत्र’.

सोसेकींचा जन्म 1867 चा, एदो शहरातला. पुढच्याच वर्षी मेईजी राजवट सुरू झाली आणि एदोचं नाव टोकियो झालं, म्हणजे त्यांचं वय आणि त्या युगाचं वय जवळपास एकच. वडील त्या भागाचे परंपरागत मुखिया. नव्या राजवटीत ते वतन गेलं. घरात मुलं बरीच, त्यात हे उतारवयातलं शेंडेफळ. आईला या वयात मूल झाल्याची लाज वाटत होती, असं सोसेकींनीच लिहून ठेवलं आहे. बाळाला एका जुन्यापुराण्या वस्तू विकणाऱ्या जोडप्याकडे देऊन टाकलं. रात्रीच्या बाजारात त्यांचं दुकान मांडलेलं असे, आणि तिथल्या भांड्याकुंड्यांत एका टोपलीत हे मूल ठेवलेलं असे. थोरल्या बहिणीने एकदा ते पाहिलं आणि कळवळून त्याला कुशीत घेऊन घरी आणलं. पण थोड्याच दिवसांत त्याला पुन्हा दुसऱ्या घरी, शिओबारा नावाच्या कुटुंबात दत्तक दिलं गेलं.

तिथला संसार मोडला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तो सख्ख्या घरी परत आला, पण समोरचे म्हातारा-म्हातारी आपले आजी-आजोबा आहेत असंच तो समजत होता आणि तशीच हाक मारत होता. कुणी चूक सुधारली नाही. एका रात्री अंधारात घरातल्या मोलकरणीने त्याच्या उशाशी येऊन कानात सांगितलं: ते तुझे आईवडीलच आहेत, मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नकोस. सोसेकी म्हणतात, त्या क्षणी आनंद झाला, पण तो खरी गोष्ट कळली म्हणून झाला नाही, त्या बाईच्या माणुसकीने झाला. तिचं नाव आणि चेहरा ते पुढे विसरून गेले. तेवढी माया आठवत राहिली. ‘कोकोरो’ समजून घ्यायचं असेल तर ही अंधारातली कुजबुज लक्षात ठेवावी लागते. जे मोठ्या आवाजात सांगता आलं असतं ते कुणीही सांगितलं नाही, आणि सांगितलं ते एका परक्या बाईने, चोरून.

एकविसाव्या वर्षी त्यांचं नाव पुन्हा नात्सुमे घराण्यात लागलं, तेव्हा वडिलांनी शिओबारांना मुलाच्या पालनपोषणापोटी 240 येन मोजायचं कबूल केलं. आपल्या बालपणाची किंमत कागदावर आकड्यांत लिहिलेली पाहणं कसं असेल याची कल्पना करून पाहावी. पुढे सोसेकी प्रसिद्ध झाल्यावर हे दत्तक-वडील पैशांसाठी पुन्हा दारात उभे राहिले.

1900 साली सरकारने त्यांना इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनला पाठवलं. शिष्यवृत्ती वर्षाला 1800 येन. तेवढ्यात लंडनमध्ये पुस्तकं घ्यायची तर पोट मारूनच घ्यावी लागत. दोन वर्षांत त्यांनी पाच ठिकाणी बिऱ्हाड केलं. 1901 च्या फेब्रुवारीत राणी व्हिक्टोरियाची अंत्ययात्रा पाहायला ते हाइड पार्कला गेले. गर्दी अफाट आणि सोसेकी ठेंगणे. शेवटी घरमालकाने त्यांना खांद्यावर बसवलं. एक युग संपताना सोसेकींनी असं पाहिलं, परक्या शहरात, परक्या माणसाच्या खांद्यावर बसून. नंतरच्या महिन्यांत ते खोलीत स्वतःला कोंडून घेऊ लागले, आणि नात्सुमेला वेड लागलं अशी बातमी जपानपर्यंत पोचली. त्या दिवसांची आठवण त्यांनी पुढे अतिशय कडवटपणे लिहिली. पण तिथेच त्यांना एक गोष्ट उमगली: इंग्रजी साहित्याबद्दल इंग्रज जे म्हणतो तेच आपण म्हणत राहिलो तर आपल्या पायाखाली जमीनच नाही. स्वतःच्या मताचा आधार स्वतःच शोधायचा. या उमगण्याने माणूस मोकळा होतो. एकटाही होतो.

परत आल्यावर ते टोकियो विद्यापीठात आणि तिथल्या पहिल्या उच्च विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय म्हणजे देशातल्या हुशारातल्या हुशार मुलांचं. इथून सुटलेला मुलगा मंत्री, न्यायाधीश, प्राध्यापक व्हायचा. 1903 च्या मे महिन्यात इंग्रजीच्या वर्गात सोसेकींनी फुजिमुरा मिसाओ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला धडा वाचायला सांगितलं. त्याने तयारी केलेली नव्हती. पुन्हा एकदा तसंच झालं तेव्हा सोसेकी रागावले: तयारी करायची नसेल तर वर्गात येऊ नकोस. थोड्याच दिवसांनी, 22 मे रोजी, त्या मुलाने निक्कोजवळच्या केगोन धबधब्यावर जीव दिला. जाण्यापूर्वी तिथल्या एका झाडाच्या खोडावर त्याने आपलं निवेदन लिहून ठेवलं होतं. विश्वाचा अर्थ उलगडत नाही, अशा आशयाचं.

जपान हादरला. मुलगा गरीब नव्हता, आजारी नव्हता. कर्जासाठी, अब्रूसाठी किंवा धन्यासाठी मरणारी माणसं जपानला माहीत होती. विचार करून करून मरणारा मुलगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. झाडावरच्या मजकुराचं छायाचित्र सगळीकडे फिरलं, आणि त्याच्यामागून आणखी कितीतरी तरुण त्याच धबधब्याकडे निघाले. वर्तमानपत्रांना अशा मुलांसाठी एक नवा शब्दप्रयोग सापडला, ‘व्याकूळ तरुण’ अशा अर्थाचा. त्या मुलाच्या मरणाला सोसेकींचं रागावणं कारण होतं असं कुणी म्हटलं नाही, आणि तसं म्हणायला आधारही नाही. पण पुढच्या तासाला वर्गात आल्यावर सोसेकींनी पुढच्या बाकावरच्या मुलांना हलक्या आवाजात त्याच्याबद्दल विचारलं, ही आठवण त्या वर्गातल्यांनी सांगितली आहे. नंतरच्या त्यांच्या लेखनात हा मुलगा पुन्हा पुन्हा डोकावतो.

त्याच विद्यालयातल्या आणखी एका विद्यार्थ्याला या घटनेने मुळापासून हलवलं. त्याचं नाव इवानामी शिगेओ. अभ्यास सोडून तो नागानो प्रांतातल्या नोजिरी तलावातल्या एका बेटावर जाऊन एकटाच राहिला. त्याची आई त्याला शोधत तिथवर गेली, आणि तो परत आला. या मुलाकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

1907 साली सोसेकींनी विद्यापीठाची नोकरी सोडून वर्तमानपत्राची नोकरी धरली, महिना 200 येनवर. प्राध्यापकपद समोर दिसत असताना! लोकांना हे अधःपतन वाटलं. वर्तमानपत्र हा धंदा असेल तर विद्यापीठही धंदाच आहे, असं सोसेकींचं उत्तर होतं. चार वर्षांनी सरकारने डॉक्टरेट देऊ केली तीही त्यांनी नाकारली. 1910 च्या ऑगस्टमध्ये शुझेन्जी इथे अल्सर फुटून त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली, अर्धा तास शुद्ध नव्हती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये धाकटी मुलगी हिनाको, दीड वर्षाची, जेवता जेवता अचानक गेली.

आणि 1912 च्या जुलैत सम्राट आजारी पडले. सुमिदा नदीवरचा आतषबाजीचा वार्षिक उत्सव त्यामुळे रद्द झाला. सोसेकींनी रोजनिशीत नोंद केली ती रागाची: सम्राटांबद्दल सहानुभूती वाटते, पण हा उत्सव थांबवण्याचं काही कारण नाही, हातावर पोट असलेल्यांचं त्यात नुकसान आहे. ‘कोकोरो’ ही मेईजी सम्राटाची शोकगाथा आहे असं सर्रास म्हटलं जातं, तेव्हा मला ही नोंद आठवते. राजभक्तीने गहिवरून लिहिणारा हा माणूस नव्हता. 1913 च्या डिसेंबरमध्ये पहिल्या उच्च विद्यालयात, म्हणजे फुजिमुराच्याच विद्यालयात, दिलेल्या भाषणात त्यांनी नोगींचा उल्लेख केला. त्यांचं मरण मनाच्या तळापासून आलेलं होतं, त्यातली कळकळ आपल्याला हलवते. पण ती कळकळ नसताना केवळ त्यांची नक्कल करून मरणारा चुकतोच, असा त्यांचा रोख होता.

चार महिन्यांनी, 20 एप्रिल 1914 ला, ‘कोकोरो’चा पहिला भाग छापून आला. सोसेकी रोज सकाळी एक भाग लिहीत, आपल्या खास छापून घेतलेल्या कागदावर: 19 अक्षरांच्या 10 ओळी, वर ड्रॅगनची नक्षी. वाचक तो न्याहारीच्या वेळी वाचत. मूळ बेत वेगवेगळ्या छोट्या कथांचा होता. पण पहिलीच कथा वाढत गेली आणि 110 भागांनी, 11 ऑगस्टला संपली. तोपर्यंत युरोपात महायुद्ध पेटलं होतं.

कथा थोडक्यात सांगता येते, आणि थोडक्यात सांगितली की तिच्यातलं काहीच उरत नाही. कामाकुराच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विद्यार्थ्याला एक मध्यमवयीन गृहस्थ भेटतात. तो त्यांना सेनसेई म्हणतो, आपण ‘सर’ म्हणतो तसं. हे सेनसेई शिकलेले आहेत पण काही करत नाहीत, वडिलोपार्जित पैशांवर जगतात, आणि दर महिन्याला झोशिगायाच्या दफनभूमीत एका मित्राच्या थडग्यावर एकटेच जातात, बायकोलाही बरोबर नेत नाहीत. (याच दफनभूमीच्या पलीकडे, मेजिरोच्या उंचवट्यावर, 1901 पासून महिलांचं विद्यापीठ उभं होतं. त्याचं माहितीपत्रक धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडलं आणि 1916 साली पुण्यात आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. सोसेकी वारले ते त्याच वर्षी. मेईजी जपानकडून आपण काय घेतलं ते आपल्याला पाठ आहे. त्या जपानला स्वतःला काय सोसावं लागलं ते वाचायला आपल्याला बराच उशीर झाला.)

विद्यार्थी पदवी घेऊन गावी परततो. वडील मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळलेले. सम्राटाचा आजारही तसाच. म्हातारा रोज वर्तमानपत्राची वाट पाहतो, आधी सम्राटाच्या प्रकृतीची बातमी वाचतो, आणि ती वाचताना स्वतःचीच नाडी पाहत असल्यासारखा असतो. नोगींची बातमी येते. ग्लानीत तो नोगींचं नाव घेऊ लागतो. या म्हाताऱ्याला एकटेपणा नाही. तो मरतोय, पण त्याच्याभोवती बायको आहे, मुलं आहेत, शेजारी आहेत, आणि दूर टोकियोत त्याच्याबरोबर मरणारा सम्राटही आहे. सोसेकींनी हा मधला भाग किती मायेने लिहिला आहे! टीकाकार बहुधा तो घाईने ओलांडतात, कारण त्यात काही ‘घडत’ नाही. पण पुढचं पत्र ज्या शांततेत उघडलं जातं ती शांतता इथे तयार होते.

मग ते पत्र येतं, जाडजूड. सेनसेईंनी दहाहून जास्त दिवस खपून ते लिहिलेलं. त्यात त्यांची सारी हकीकत आहे: आईवडील टायफॉइडने गेले, सख्ख्या काकाने इस्टेट लुबाडली, माणसांवरचा विश्वास उडाला. मग टोकियोत एका लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेकडे खोली घेतली, तिच्या मुलीवर जीव जडला. मित्राची परवड पाहवेना म्हणून त्यालाही त्याच घरात आणलं. मित्राचं नाव फक्त के. भिक्षूचा मुलगा, डॉक्टरच्या घरी दत्तक गेलेला. दत्तक-वडिलांशी खोटं बोलला म्हणून दोन्ही घरांनी टाकलेला. सोसेकींनी त्याला दत्तक का ठेवला असेल हे आता सांगायला नको. के याचंही मन त्याच मुलीवर जातं. तो बिचारा येऊन सेनसेईंनाच सांगतो. सेनसेई आपलं मन सांगत नाहीत. उलट के याने धरलेल्या कठोर व्रताचे त्याचेच शब्द त्याच्यावर उलटवतात, आणि त्याच्या पाठीमागे मुलीच्या आईकडे जाऊन मागणी घालतात. काही दिवसांनी के आत्महत्या करतो.

इथे एक दृश्य आहे, ते वाचून पुढे जाणं मला कधीच सोपं गेलं नाही. मध्यरात्री सेनसेई उठतात, दोन खोल्यांमधला पडदा सरकवलेला दिसतो, मित्र मेलेला दिसतो. मेजावर आपल्या नावे ठेवलेलं पत्र दिसतं. ते झडप घालून उघडतात, आणि त्यात शोधतात ते आपलंच नाव: त्याने आपला विश्वासघात लिहून ठेवला असेल का? मुलीचं नाव घेतलं असेल का? पत्रात तसं काहीच नसतं. थोडक्या ओळी, आभार, मागच्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल दिलगिरी. आणि शेवटी, उरलेल्या शाईने लिहिल्यासारखं, इतके दिवस उगाच जगलो अशा अर्थाचं एक वाक्य. सेनसेईंना पहिल्यांदा काय वाटतं? सुटलो, असं वाटतं. ते पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घालतात आणि सगळ्यांना दिसेल असं मेजावर ठेवून देतात.

लग्न होतं. मुलीचं नाव शिझू. नोगींच्या पत्नीच्या नावाशी जुळणारं, त्याच अक्षराने लिहिलेलं. वर्षं जातात. तिला कळत नाही की नवरा आपल्यापासून दूर का झाला. सम्राट जातात तेव्हा आपण आता काळाबाहेर पडलो असं सेनसेई म्हणतात, आणि ती हसून म्हणते, मग तुम्हीही सम्राटामागे जा की! ती थट्टा करते. ते उत्तर देतात की गेलोच तर मेईजी युगाच्या आत्म्यामागे जाईन. मग महिनाभराने नोगींचं मृत्युपत्र वर्तमानपत्रात येतं, आणि सेनसेई बोटांवर वर्षं मोजतात: 1877 पासून 1912, पस्तीस.

‘असाही’च्या वाचकांनी ती दोन्ही मृत्युपत्रं, नोगींचं आणि सेनसेईंचं, दोन वर्षांच्या अंतराने वर्तमानपत्राच्या पानांवर वाचली. या योगायोगाकडे पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही असं मला वाटतं. नोगींच्या पत्रात नावं आहेत, नाती आहेत, घराची, शरीराची, वस्तूंची व्यवस्था आहे. चूक झाली ती उघड्यावर, रणांगणात झाली. तिचा धनी ठाऊक आहे, तिची फेड कुणाकडे करायची हेही ठाऊक आहे. ते पत्र ज्यांच्या नावे आहे त्यांत बायकोचंही नाव आहे. सेनसेईंची चूक एका भाड्याच्या घरात, एका वाक्यात झाली. तिचा साक्षीदार मेला. तिला देव नाही, धनी नाही, कायदा नाही. आणि सांगायला साऱ्या जगात एकच माणूस, तोही समुद्रकिनाऱ्यावर योगायोगाने भेटलेला पोरगा. बायकोला मात्र काही कळू द्यायचं नाही, अशी पत्रात ताकीद आहे. तिच्या आठवणी स्वच्छ राहाव्यात म्हणून. हे प्रेम आहे असं सेनसेईंना मनापासून वाटतं. मला त्या बाईचं वाईट वाटतं. शिझुकोंना निदान माहीत होतं.

कादंबरी पूर्ण झाल्यावर ती कुणी छापायची हा प्रश्न आला. मोठे प्रकाशक टपून होते. पण सोसेकींकडे आला तो बेटावरून परतलेला इवानामी शिगेओ. 1913 साली त्याने टोकियोच्या जिनबोचो भागात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं होतं. पाटीवरची अक्षरं सोसेकींनीच लिहून दिली होती. आता त्याला ही कादंबरी छापायची होती, पण पैसे नव्हते. सोसेकींनी खर्च स्वतः उचलला. मुखपृष्ठही स्वतः केलं, चीनमधल्या प्राचीन शिलालेखाच्या ठशावरून, विटकरी रंगात. 1914 च्या सप्टेंबरमध्ये पुस्तक बाहेर आलं. इवानामी शोतेन ही पुढे जपानमधली फार मोठी प्रकाशनसंस्था झाली, आणि सोसेकींचं ते मुखपृष्ठ तिने त्यांच्या समग्र वाङ्मयाला कायम ठेवलं. फुजिमुराच्या मरणाने व्याकूळ झालेल्या मुलाने फुजिमुराच्या शिक्षकाची ही कादंबरी जगापुढे आणली, हे मला त्या कादंबरीइतकंच मोलाचं वाटतं.

त्याच नोव्हेंबरमध्ये सोसेकी गाकुशुइन या सरदार-उमरावांच्या मुलांच्या विद्यालयात बोलायला गेले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथले प्रमुख जनरल नोगी होते. सोसेकी बोलले व्यक्तिस्वातंत्र्यावर, लंडनमधल्या धुक्यावर, स्वतःची वाट स्वतः खणण्यावर. आणि असंही म्हणाले की या वाटेवर माणूस एकटा पडतो, आणि तसं पडायची तयारी ठेवावी लागते. 9 डिसेंबर 1916 ला, पन्नाशीही न गाठता, ते गेले. शेवटची कादंबरी अपुरी राहिली. दफन झोशिगायाला झालं.

‘कोकोरो’ संपते ती सेनसेईंच्या पत्राबरोबरच. विद्यार्थ्याकडे सोसेकी परत जातच नाहीत. आपण त्याला शेवटचं पाहतो ते मधल्या भागाच्या अखेरीस: वडील शेवटच्या घटका मोजताहेत, आणि तो आईला आणि भावाला चिठ्ठी खरडून स्टेशनवर धावत सुटला आहे, टोकियोच्या गाडीत चढला आहे. तिसऱ्या वर्गाचा डबा, गाडीचा धडधडाट. मागे सुटलेल्या घरी वडील आहेत की गेले, ठाऊक नाही. समोरच्या शहरात सेनसेई आता नाहीत, हे पत्रातून कळलेलंच आहे. तो किमोनोच्या बाहीतून ते जाड पत्र काढतो आणि पहिल्यापासून वाचायला लागतो.